रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात द्यायचा आराखडा : छोट्या नर्सिंग होमसाठी आणीबाणीची तयारी

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली ती ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. दहापैकी तिघांचा मृत्यू भाजून आणि सात जणांचा धुराने गुदमरून झाल्याचं त्या वेळी आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावरचा आयसीयू एसीपासून पेटला, तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

दोन्ही घटनांमधली वेळ पाहा. त्या वेळी नर्सिंग होममध्ये मालक डॉक्टर नसतात. इलेक्ट्रिशियन नसतो, रिसेप्शन बंद असतं. असतात दोन सिस्टर, एक मावशी, एखादा मामा, खाली वॉचमन आणि फार तर डुलकी घेणारा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. आपल्याकडचे आपत्कालीन आराखडे मात्र सकाळी अकराला सगळा स्टाफ हजर असल्यासारखे लिहिलेले असतात आणि मालकांच्या केबिनमधल्या कपाटात राहतात. त्या कपाटाची चावीही केबिनमध्येच असते.

पुढचं सगळं १० ते ३० खाटांच्या, बहुतेकदा डॉक्टर दांपत्याने चालवलेल्या नर्सिंग होमसाठी आहे. खाली मेडिकल आणि ओपीडी, मधल्या मजल्यांवर वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर, कधी सर्वांत वर डॉक्टरांचं घर, अशी इमारत डोळ्यांसमोर ठेवली आहे.

आधी अधिकार ठरवा

उपकरणांची खरेदी नंतर करा. रात्री आणीबाणी जाहीर कोण करणार, हे आधी लिहून काढा. माझं उत्तर एकच आहे: त्या मजल्यावरची सीनियर सिस्टर. डॉक्टर पोहोचून "आता मी बघतो" म्हणेपर्यंत सूत्रं तिच्याकडे.

हे लिहायला सोपं आहे, अंगवळणी पडायला कठीण. धूर दिसला की पहिला फोन सरांना, सरांचा फोन इलेक्ट्रिशियनला, मग "जरा मेन स्विच बंद करून बघा" असा निरोप, आणि अग्निशमन दलाला फोन त्यानंतर, हा क्रम बऱ्याच ठिकाणी रुजलेला आहे. फुकट गाड्या बोलावल्या तर ओरडा बसेल, अशी सिस्टरला धास्ती असते. म्हणून मालकांनी सहीनिशी एक ओळ लिहून नर्सिंग स्टेशनवर लावावी: "धूर किंवा आग दिसल्यास ड्युटीवरील सिस्टरने कोणालाही न विचारता अग्निशमन दलाला फोन करावा. फोन अनावश्यक ठरला तरी जबाबदारी माझी." तिचं वाचनही मालकांनी स्वतः करावं, तिन्ही पाळ्यांसमोर.

याच कागदावर सिस्टरला आणखी तीन अधिकार द्या: वॉर्ड रिकामा करण्याचा, नातेवाइकांना कामाला लावण्याचा आणि काच किंवा कुलूप फोडण्याचा. ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह (एका भागाचा पुरवठा तोडणारी तोटी) बंद करण्याचा मुद्दा पुढे घेतो, कारण त्याला एक अट आहे.

फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावा. १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, ११२ एकत्रित मदत, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष. नगरपालिकेच्या गावात मोबाईलवरून १०१ लावला तर फोन भलतीकडे जाऊ शकतो. जवळच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर मिळवा आणि स्वतः लावून खात्री करा. नंबरांखाली सांगायचं वाक्यही लिहून ठेवा: हॉस्पिटलचं नाव, जवळची खूण, कितवा मजला, न चालणारे रुग्ण किती, ऑक्सिजन सिलिंडर इमारतीच्या कोणत्या बाजूला. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

रात्री इमारत चालून बघा

मालकांनी एकदा न सांगता रात्री एकनंतर येऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चालत जावं. हातात वही असावी आणि रागवायचं नाही असं ठरवून यावं.

दुसऱ्या जिन्याचं दार पहिल्यांदा बघा. त्याला हमखास कुलूप असतं. चोरी होते, बिल न भरता पेशंट जातात, कुत्री येतात, अशी कारणं असतात आणि ती खोटी नसतात. पण कुलूप राहू देता येत नाही. आतून ढकलताच उघडणारी आडवी कडी बसवा आणि दार उघडलं की नर्सिंग स्टेशनवर घंटी वाजेल अशी सोय करा. म्हणजे चोरीचाही बंदोबस्त होतो.

जिन्याखाली काय आहे ते बघा. जुन्या गाद्या, खोके, सलाईनचे कार्टन, रंगाचे डबे. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी आग लागली ती तळघरात, पार्किंगच्या जागी साठवलेल्या सामानाला. धूर एसीच्या डक्टमधून वरच्या मजल्यांवर पोहोचला आणि ९० च्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक गुदमरून. तुमच्याकडे सेंट्रल एसी नसेल, पण वायरिंगची उभी पोकळी असेल, लिफ्टचा शाफ्ट असेल, पाइपांसाठी स्लॅबला पाडलेली भोकं असतील. धूर तिथूनच वर जातो. ती भोकं आगरोधक सीलंटने बुजवणं हे या यादीतलं बहुधा सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि सगळ्यात दुर्लक्षितही.

मग आयसीयू किंवा एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू). तिथे खिडक्या काचेने पूर्ण बंद असतात. निदान एक खिडकी आतून उघडेल अशी करून घ्या आणि तिच्यावर लाल खूण करा. खाटांमागचे प्लग बघा. पांढरं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल तर तिथे उष्णता साठते आहे. बाळांना ऊब देणारे वॉर्मर, व्हेंटिलेटर आणि एसी ही चोवीस तास चालणारी यंत्रं एक्स्टेन्शन बोर्डवर असता कामा नयेत. दहा वर्षांत खाटा वाढल्या, एसी वाढले, वायर तीच राहिली, ही गोष्ट बहुतेक इमारतींची आहे. परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडून वर्षातून एकदा लोड तपासून घ्या आणि तोंडी "ठीक आहे" वर समाधान मानू नका, लेखी मागा.

खाली उतरल्यावर गल्ली बघा. अग्निशमनाची गाडी रात्रीच्या पार्किंगमधून वळते का? वॉचमनला गाड्यांच्या मालकांचे नंबर माहीत हवेत.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', घेऊन तो सादर करायचा असतो. एजन्सीचा माणूस आला की त्याला एकट्याला फिरू देऊ नका. एक सिस्टर आणि मामा सोबत द्या. पंप चालू करून दाखव म्हणा, पाणी पडू द्या.

संध्याकाळची यादी

आराखड्यातला सगळ्यात उपयोगी कागद रोज नवा लिहायचा असतो. रात्रीच्या राउंडनंतर प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. 'चा' म्हणजे स्वतः चालतो. 'आ' म्हणजे आधार किंवा व्हीलचेअर लागते. 'उ' म्हणजे उचलून न्यावा लागेल. सोबत दोनच गोष्टी: ऑक्सिजन किती लिटरवर आहे, आणि तो थोडा वेळ काढला तर चालेल का. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राउंडच्या वेळी डॉक्टरांनीच द्यायचं. रात्री दोनला धुरात उभं राहून सिस्टरने ते ठरवावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

यादीच्या दोन प्रती काढा, एक नर्सिंग स्टेशनला, एक खाली वॉचमनकडे. इमारत रिकामी झाल्यावर "सगळे आले का?" याचं उत्तर खालच्या प्रतीवरून मिळतं. संगणकात ठेवलेली यादी लाइट गेली की तिथेच राहते.

नातेवाईक हे मनुष्यबळ आहे

परदेशी नमुन्यावरून उतरवलेल्या आराखड्यांमध्ये ही गोष्ट सापडत नाही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक खाटेशेजारी रात्री एक माणूस चटईवर झोपलेला असतो. वीस खाटा म्हणजे वीसेक धडधाकट माणसं. स्टाफ चार-पाच. तेव्हा नातेवाइकांना गर्दी समजून बाहेर काढणारा आराखडा रात्री चालणार नाही.

दाखल करताना फॉर्म भरून घेतो तेव्हाच दोन मिनिटं काढा: "हा जिना, हा दुसरा जिना, लिफ्ट वापरायची नाही, आणि सिस्टर 'चला' म्हणाल्या की तुमच्या पेशंटला घेऊन या बाजूने निघायचं." एवढंच. उचलून न्यायच्या रुग्णाच्या नातेवाइकाला चादरीची पद्धत दाखवा. जाड चादर किंवा सतरंजी जमिनीवर पसरायची, रुग्णाला खाटेवरून तिच्यावर उतरवायचं, डोक्याकडची टोकं मुठीत धरून ओढत न्यायचं. सपाट फरशीवर एक माणूसही हे करू शकतो. जिन्यावर दोघे-तिघे लागतात, आणि डोकं वरच्या बाजूला ठेवून पाय पुढे असे उतरायचं.

वाटेचा प्रश्न मात्र खरा आहे. कॉरिडॉरमध्ये झोपलेली माणसं, डबे, चपला, पाण्याच्या बाटल्या. एका भिंतीलगत पट्टा मारा आणि पट्ट्याच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूलाच चटई टाकायची असा नियम करा. मावशींनी रात्री दहाला तो पाळून घ्यायचा. हे काम मावशींसारखं कोणाला जमत नाही.

धूर दिसला : पहिली पाच मिनिटं

१. दिसणाऱ्याने ओरडायचं. ठरलेला शब्द ठेवा, "कोड रेड, दुसरा मजला" किंवा सरळ "आग, दुसरा मजला". रुग्ण घाबरतील म्हणून कुजबुजायचं नाही.

२. आगीला चिकटून असलेल्या रुग्णाला आधी त्या खोलीबाहेर काढायचं.

३. रुग्ण बाहेर येताच दार लावून घ्यायचं. बंद दार धुराला काही मिनिटं अडवतं, आणि ती मिनिटंच हातात असतात.

४. दुसऱ्या व्यक्तीने त्याच वेळी अग्निशमन दलाला फोन करायचा. सरांना त्यानंतर.

५. मामाने त्या भागाचा वीजपुरवठा बंद करायचा. कोणता एमसीबी (बोर्डवरचा वीज तोडणारा स्विच) कोणत्या खोलीचा, याची मराठीत चिठ्ठी बोर्डवर हवी. पूर्ण इमारतीचा मेन स्विच घाईने पाडू नका. इतर मजल्यांवरचे व्हेंटिलेटरही त्याच्यावरच असतात.

६. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल, तरच विझवायला जायचं. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. विद्युत उपकरणांसाठी सीओटू सिलिंडर. त्याच्या कर्ण्याला उघडा हात लावू नका, गारठ्याने कातडी भाजते. एक सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. तेवढ्यात विझली नाही तर मागे फिरायचं.

ऑक्सिजनच्या झोन व्हॉल्व्हची अट ही. ऑक्सिजन आगीला भडकवतो, म्हणून जळत्या भागाचा पुरवठा तोडावाच लागतो. पण त्या पाइपवर असलेल्या रुग्णांना छोट्या सिलिंडरवर किंवा अंबू बॅगवर (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) घेतल्याची खात्री झाल्यावरच. व्हॉल्व्ह कोण बंद करणार हे नावानिशी ठरलेलं असावं आणि बंद करताना मोठ्याने सांगायचं. प्रत्येक व्हेंटिलेटरच्या खाटेला अंबू बॅग टांगलेली हवी. कपाटातली अंबू बॅग हिशेबात धरू नका.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: कोणाला आधी काढायचं? आगीच्या आणि धुराच्या तोंडाशी असलेल्यांना सर्वांत आधी, यात वाद नाही. त्यानंतर 'चा' गटाला एका मावशीबरोबर एकदम खाली पाठवा. यात एकच माणूस अडकतो आणि कॉरिडॉर मोकळा होतो. मग 'आ', मग 'उ'. अतिगंभीर रुग्ण शेवटी, हे ऐकायला क्रूर वाटतं. पण व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाला न्यायला तिघे लागतात, आणि अरुंद जिन्यात ते तिघे आधी शिरले तर मागे पंधरा जण धुरात थांबतात. नाती बाजूला ठेवून हा क्रम पाळणं रात्री कोणालाच जमणार नाही, म्हणून त्याची चर्चा दिवसा, शांतपणे, स्टाफबरोबर व्हायला हवी.

सगळ्यांना लगेच रस्त्यावर आणायची गरजही नसते. त्याच मजल्यावर, मध्ये दार असलेल्या दुसऱ्या भागात आडवं हलवणं हा पहिला टप्पा. जिना हा दुसरा. मजल्याच्या मध्यावर धूर अडवणारं दार बसवून घेतलं असेल तर हा पहिला टप्पा शक्य होतो.

नवजात बाळांसाठी वेगळी सोय लागते. एका सिस्टरला दोन बाळं सुरक्षित नेता यावीत म्हणून खिसे असलेला जाड कापडी एप्रन स्थानिक शिंप्याकडून शिवून घेता येतो. मनगटावरची ओळखीची पट्टी असल्याशिवाय बाळ हलवायचं नाही. पट्टी आधीपासूनच बांधलेली असेल तर त्यात वेळ जात नाही.

ऑक्सिजनचा हिशेब कागदावर

नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टँकरमधून टाकी भरताना गळती झाली, दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. तिथे आगीचा संबंधच नव्हता. पुरवठा थोडाच वेळ तुटला होता.

तुमच्याकडे टाकी नसेल, मॅनिफोल्डला, म्हणजे अनेक सिलिंडर एकत्र आणणाऱ्या पाइपला, जोडलेले जंबो सिलिंडर असतील. एका भरलेल्या जंबोत साधारण ७,००० लिटर आणि छोट्या बी टाइपमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. सहा रुग्ण प्रत्येकी मिनिटाला ५ लिटरवर असतील तर मिनिटाला ३० लिटर जातात, म्हणजे एक जंबो चार तासांच्या आत संपतो. एकच रुग्ण हाय फ्लोवर (नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं यंत्र) ६० लिटरने चालू असेल तर तो एकटा दोन तासांत जंबो रिकामा करतो. छोटा सिलिंडर ५ लिटरवर पाच तास, १० लिटरवर अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धा धरा.

हा हिशेब रोज रात्री आठला मामाने करून सिस्टरला द्यावा: चालू सिलिंडर किती तास, भरलेले किती, पुरवठादाराची गाडी कधी. 'भरलेला' आणि 'रिकामा' असे पत्र्याचे बिल्ले लावा. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा आणि उघडायची चावी प्रत्येक ठिकाणी साखळीलाच अडकवा. चावी शोधण्यात गेलेला वेळ कोणत्याच हिशेबात नसतो. रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका.

लाइट आणि पाणी

जनरेटर दर आठवड्याला नुसता घरघरवून बंद करणं म्हणजे तपासणी नव्हे. महिन्यातून एकदा महावितरणचा पुरवठा मुद्दाम बंद करून पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा. तेवढ्या वेळात वॉर्डात फिरा आणि कोणतं यंत्र बंद पडलं ते लिहा. व्हेंटिलेटर आणि सिरिंज पंप यांच्या बॅटऱ्या पुस्तिकेत लिहिलेल्या वेळेवर सोडू नका. रुग्ण जोडलेला नसताना घड्याळ लावून मोजा आणि निघालेला आकडा यंत्रावर चिकटवा.

नदीकाठच्या गावांनी जनरेटर, मेन पॅनल आणि ऑक्सिजनचं मॅनिफोल्ड कोणत्या उंचीवर आहे ते बघावं. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ च्या पुरात कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि रुग्ण दगावले. कोल्हापूर-सांगलीने २०१९ आणि २०२१ अशी दोन वर्षं हेच पाणी पाहिलं. पुरात एक सोय असते, बहुतेकदा काही तास आधी कळतं. म्हणून इथे क्रम उलटा: सर्वांत गंभीर रुग्ण सर्वांत आधी, रस्ता चालू आहे तोवर. हलवायचं कधी, याची खूण आधी ठरवा, आणि ती गल्लीच्या तोंडाशी असू द्या, तुमच्या पायरीशी नको. त्यासाठी उंचावरच्या, नदीच्या याच काठावरच्या एका हॉस्पिटलशी लेखी समजूत करून ठेवा: आमचे इतके रुग्ण तुम्ही घ्याल, तुमचे इतके आम्ही. समोरच्या गल्लीतलं हॉस्पिटल आगीच्या वेळी उपयोगी, पुरात तेही पाण्यातच असतं.

जमाव

आग आयुष्यात एकदा लागेल किंवा लागणारही नाही. नातेवाइकांचा जमाव मात्र अनेकांच्या दारात येऊन गेला आहे. वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसाचाराविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. तसा फलक दर्शनी लावा. पण फलकाने जमाव थांबत नाही. गंभीर रुग्णाच्या नातेवाइकांशी ठरलेल्या एकाच डॉक्टरने दर काही तासांनी बोलणं आणि ते बोलणं केसपेपरवर वेळेसह लिहिणं, याचा उपयोग जास्त. वातावरण तापलं की सिस्टरने ११२ लावायचा, स्टाफने आत मागच्या दाराजवळ जायचं, आणि उरलेल्या रुग्णांजवळ कोण थांबणार हे आधी ठरलेलं असायचं.

सराव

वर्षातून निदान दोन सराव करा, त्यातला एक रात्री, खऱ्या रात्रपाळीच्या माणसांनिशी. दाखल रुग्णांना हलवू नका. स्टाफपैकी कोणीतरी 'उ' रुग्ण बनून झोपावं, बाळाच्या जागी तीन किलो तांदळाची पिशवी घ्या. मोजायच्या गोष्टी तीनच: पहिला फोन किती सेकंदांत गेला, मजला किती मिनिटांत रिकामा झाला, खालची मोजणी यादीशी जुळली का. डॉक्टरांनी त्या दिवशी फक्त बघायचं, तोंड उघडायचं नाही. हा नियम डॉक्टरांना सगळ्यात जड जातो. नर्सिंगचा स्टाफ वारंवार बदलतो, त्यामुळे नवीन सिस्टरला पहिल्या पाळीआधी जिने, व्हॉल्व्ह आणि बोर्ड दाखवण्याची जबाबदारी मेट्रनकडे नावानिशी द्या.

घटना घडून गेल्यावर

खाली जमल्यावर एकाने यादी वाचायची, बाकीच्यांनी रुग्णाकडे बोट दाखवायचं. "आले असतील" हे उत्तर चालत नाही. कोणता रुग्ण कोणत्या हॉस्पिटलला, कोणत्या रुग्णवाहिकेतून, किती वाजता गेला हे यादीवरच लिहा. नातेवाइकांना आणि पत्रकारांना माहिती देणारा माणूस एकच. जळलेली जागा पोलीस आणि अग्निशमन दल बघेपर्यंत झाडू नका, सीसीटीव्हीचं फुटेज लगेच वेगळं काढून ठेवा. प्रत्येकाने स्वतः पाहिलेलं, स्वतःच्या शब्दांत, पाळी संपण्याआधी लिहायचं. एकमेकांचं वाचून नाही. मालकांनी त्या कागदांवर शिक्षा करायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी कोरे कागद मिळतील.

वापरलेले अग्निशामक सिलिंडर, ऑक्सिजन आणि अंबू बॅगा त्याच दिवशी पुन्हा भरून जागेवर ठेवा. दोन दिवसांत बैठक घ्या आणि एक साधी वही सुरू करा, ज्यात थोडक्यात टळलेल्या गोष्टीही येतील: प्लगमधून ठिणगी उडाली, जनरेटर दुसऱ्या प्रयत्नात लागला, रिकामा सिलिंडर भरलेल्यांत सापडला. वहीत चार रकाने पुरतात, काय झालं, काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. दर महिन्याच्या बैठकीत शेवटचा रकाना कोरा असलेल्या ओळी आधी वाचायच्या, आणि मालक समोर बसलेले असताना वाचायच्या.